दारावरची माणसं

हौशी नाट्यसंस्थेत नवीन मुलगा किंवा मुलगी दाखल झाली की पहिल्या प्रयोगाला तिच्या हातात बॅटरी दिली जाते आणि सांगितलं जातं, ‘आज तू दारावर उभी राहा.’ भूमिका द्यावी इतकी ओळख झालेली नसते, प्रकाशयोजनेचा अनुभव नसतो, नेपथ्य लावायला माणसं पुरेशी असतात, म्हणून दार. संस्थेतल्या सगळ्यांत नवख्या माणसाकडे असं सहज ढकललं जाणारं हे काम खरं तर सगळ्यांत जोखमीचं आहे. रंगमंचावर आठ-दहा माणसं असतात. समोर अंधारात तीनशे, पाचशे, कधी हजार माणसं बसलेली असतात. पडदा पडेपर्यंत त्यांना सांभाळायचं असतं ते दारावरच्यांनी.

व्यावसायिक नाटकात हे काम वाटलेलं असतं. बुकिंगच्या खिडकीत बसणारा वेगळा, तिकिटं फाडणारे डोअरकीपर वेगळे, नाट्यगृहाचा व्यवस्थापक वेगळा, आणि नाट्यसंस्थेच्या वतीनं सगळीकडे लक्ष ठेवणारा, जाहिरातीत ज्याचं नाव ‘सूत्रधार’ म्हणून छापतात तो आणखी वेगळा. हौशी संस्थेत ही सगळी कामं तीन-चार कार्यकर्ते मिळून उरकतात. सकाळी बँकेत किंवा शाळेत नोकरी करून आलेला माणूस संध्याकाळी तिकिटं विकतो, आठ वाजता दारावर उभा राहतो आणि मध्यंतरात चहाकडे बघतो.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली कथा या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखी आहे. पहिलाच नाट्यप्रयोग विघ्नांनी उधळून लावला, म्हणून ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतलं आणि त्याच्या प्रत्येक भागाच्या रक्षणाला देव नेमले. दारांवर कुणाला बसवलं? कृतांत आणि काल यांना. उंबरठ्यावर यमाचा दंड ठेवला. म्हणजे आपल्या परंपरेत नाट्यगृहाची इमारतच मुळी प्रयोग निर्विघ्न पार पडावा या गरजेतून उभी राहिली आणि दाराची राखण खुद्द मृत्युदेवतांवर सोपवली गेली. ही निवड किती अचूक होती, याचा पुरावा पुढच्या काळानं फार दारुण रीतीनं दिला.

तिकीट आलं आणि दाराला दुसरं काम चिकटलं, ते पैशांचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या नाट्यगृहांत दारावरची माणसं एकेक पेनी मातीच्या गल्ल्यात घेत. अंगणात उभं राहायचं तर एक पेनी, गॅलरीत चढायचं तर आणखी एक. प्रयोगानंतर गल्ले फोडून हिशेब होई. १९८९ साली ‘रोझ’ या जुन्या नाट्यगृहाच्या जागी उत्खनन झालं, तेव्हा अशा गल्ल्यांच्या खापऱ्या सापडल्या. आपल्याकडे विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली. तिथे तिकिटाचा प्रश्न नव्हता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय संपला आणि मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे तिकीट लावून प्रयोग झाले. मराठी नाटक राजवाड्यातून बाजारात आलं. तिकीट बघून आत सोडणाऱ्या माणसाची गरज तेव्हापासूनची.

पैशांची राखण आणि माणसांची राखण ही दोन्ही कामं एकाच दाराशी आली की पहिल्यापायी दुसऱ्याचा बळी जाऊ शकतो. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचा खेळ होता. खेळ संपताना खाली बसलेल्या मुलांना बक्षिसं वाटायला सुरुवात झाली. वरच्या गॅलरीतल्या शेकडो मुलांना वाटलं, आपल्याला काही उरणार नाही. ती जिन्यावरून धावत सुटली. जिन्याच्या तळाशी दार होतं. ते आतल्या बाजूला उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याला बोल्ट लावला होता. तिकीट तपासायला सोपं जावं, हा त्यामागचा हेतू. पुढची मुलं त्या फटीपाशी अडली, मागची त्यांच्यावर कोसळली. १८३ मुलं गुदमरून मेली. त्यांत तीन-चार वर्षांची बाळंही होती. आग नव्हती, छत कोसळलं नव्हतं. एक बोल्ट पुरेसा झाला.

सार्वजनिक सभागृहांचे बाहेर जाण्याचे दरवाजे बाहेरच्या बाजूलाच उघडले पाहिजेत, हा आग्रह ब्रिटनमध्ये या दुर्घटनेनंतर धरला गेला. रॉबर्ट ब्रिग्ज यांनी दाबताच कडी सुटणाऱ्या आडव्या दांड्याचं पेटंट १८९२ साली घेतलं. आज मल्टिप्लेक्सच्या दारावर असा दांडा दिसतो.

संडरलंडनंतर वीस वर्षांनी शिकागोत हेच पुन्हा घडलं, आणि तिथे तर दारावरच्या माणसांची गैरतयारी थेट उघडी पडली. इरोक्वॉय थिएटर नवं कोरं होतं, उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरात होती. ३० डिसेंबर १९०३ च्या दुपारच्या खेळाला नाताळच्या सुट्टीतल्या बायका-मुलांनी ते खचाखच भरलं होतं. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी कापडाला लागली. अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला. प्रेक्षक पळाले, तर बाहेर जायची दारं शोभेच्या पडद्यांआड झाकलेली. काहींच्या कड्या अशा की नवख्याला त्या उघडताच येऊ नयेत. वरच्या स्वस्त जागांवरच्या लोकांनी खाली महागड्या खुर्च्यांवर येऊन बसू नये म्हणून जिन्यांवर लोखंडी जाळीची दारं लावून कुलपं घातलेली. तिथल्या कर्मचाऱ्यांना आग लागल्यावर काय करायचं याचा सराव एकदाही दिलेला नव्हता. ६०२ माणसं गेली.

कार्ल प्रिन्झलर नावाचा कुलूप-कड्यांचा एक व्यापारी त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहून गेला. वाचल्यावर त्यानं स्वतःला याच प्रश्नाला जुंपून घेतलं. त्याच्या प्रयत्नांतून तयार झालेले दाबदांडे १९०८ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागले.

आपल्याला शिकागोपर्यंत जायची गरज नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असताना तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं पेट घेतला आणि धूर वर चढला. ५९ माणसं मेली, बहुतेक बाल्कनीतली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची एक वाट बंद करून टाकलेली होती.

‘अहो, दोनच खुर्च्या टाका ना रस्त्यात, पाहुणे आलेत लांबून,’ ही विनंती प्रत्येक हौशी संस्थेच्या कार्यकर्त्यानं ऐकलेली असते. पाहुणे खरेच लांबून आलेले असतात, विनंती करणारे संस्थेचे जुने आश्रयदाते असतात. तरीही उत्तर नाही हेच असलं पाहिजे. आणि ते हसून, हात जोडून, पण ठामपणे देता येणं ही या कामातली पहिली पात्रता आहे.

आता एका प्रयोगाची संध्याकाळ जवळून पाहू. प्रयोग साडेआठचा धरला तर जाणती व्यवस्था सातच्या सुमारास सुरू होते. सुरुवात तिकिटांनी होत नाही, दारांनी होते. प्रत्येक दार स्वतः ढकलून पाहायचं, अगदी मागच्या गल्लीत उघडणारंसुद्धा. भाड्याच्या सभागृहात ते दार हमखास बाहेरून कुलूपबंद असतं आणि किल्ली शिपायाकडे असते, शिपाई चहाला गेलेला असतो. तो येईपर्यंत प्रेक्षक आत सोडायचे नाहीत. मग पायऱ्यांच्या कडा, सैल झालेल्या खुर्च्या, रस्त्यातून गेलेली ध्वनियंत्रणेची वायर. वायर चिकटपट्टीनं जमिनीला नीट बसवून घ्यायची, कारण अंधारात पहिला पाय तिच्यातच अडकणार असतो.

त्यानंतर खुर्च्यांचा प्लॅन. पूर्वी कागदावर आखलेल्या चौकटींत पेन्सिलीनं फुल्या मारून बुकिंग होई. फोनवर राखून ठेवलेली खुर्ची पेन्सिलीनं, पैसे आलेली पेननं. आता अर्धी तिकिटं मोबाइलवर येतात. त्यातून नवे प्रश्न आले आहेत: पाच जणांची तिकिटं एकाच्या फोनवर आणि तो गाडी लावायला गेलेला, फोनची बॅटरी संपलेली, सभागृहाच्या तळघरात रेंज नाही. शहाणी संस्था दारावर बुकिंग केलेल्यांच्या नावांची छापील यादी ठेवते.

एकाच खुर्चीवर दोघांनी हक्क सांगणं हा प्रसंग ठरलेलाच. नवखा कार्यकर्ता रांगेत उभा राहूनच न्याय करू लागतो, आवाज चढतात, मागचे लोक ‘बसा, बसा’ करतात. जाणता कार्यकर्ता म्हणतो, ‘काका, जरा दोघंही बाहेर येता का, उजेडात तिकिटं बघू या.’ बाहेर आल्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. एकाचं तिकीट दुपारच्या प्रयोगाचं असतं, किंवा ‘सी’ आणि ‘जी’ यांत गफलत झालेली असते. खरोखरच दुहेरी विक्री झाली असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून दोन-चार चांगल्या खुर्च्या शेवटपर्यंत न विकता ठेवायच्या. या खुर्च्या तिसऱ्या घंटेच्या आत कुणालाही द्यायच्या नाहीत, नगरसेवक आले तरी.

आत गेलेल्यांची संख्या हा आकडा दोन कारणांसाठी लागतो. एक हिशेबासाठी. फाडलेले तुकडे, पास, निमंत्रित यांची बेरीज खिडकीतल्या विक्रीशी जुळली पाहिजे. दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही: प्रेक्षागृह रिकामं करायची वेळ आली तर आत किती माणसं होती हे अग्निशमन दलाला सांगता आलं पाहिजे.

घंटा वाजवतो रंगमंच व्यवस्थापक, पण तिसरी घंटा केव्हा वाजवायची हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. ब्रिटिश रंगभूमीवर याचा पक्का शिरस्ता आहे. प्रेक्षागृहाचा व्यवस्थापक ‘लोक बसले, दारं लागली’ असा निरोप देत नाही तोवर प्रयोग सुरू होत नाही. हाच शिरस्ता आपल्या हौशी रंगभूमीनं जसाच्या तसा उचलावा. पाऊस कोसळत असताना पन्नास माणसं लॉबीत छत्र्या मिटत असतील आणि आत पडदा उघडला, तर पहिल्या प्रवेशातला एकही शब्द कुणाच्या पदरात पडत नाही. बसलेल्यांच्याही नाही.

उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं, याला दोन उत्तरं आहेत. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरनं पहिलं उत्तर निवडलं: तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही. १९७८ साली गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगानं सुरू झालेलं हे सुमारे दोनशे आसनांचं नाट्यगृह. प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात, नटाच्या हातभर अंतरावर. तिथे उशिरा आलेला माणूस अक्षरशः नाटकातून चालत जाईल, म्हणून हा नियम कडक आहे आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला आहे. नेहमीच्या मोठ्या नाट्यगृहात दुसरं उत्तर चालतं: उशिरा आलेल्यांना मागे थांबवायचं आणि प्रवेश बदलताना, अंधाराच्या क्षणी आत न्यायचं. मात्र त्यालाही पद्धत आहे. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पहिली काही मिनिटं तर माणूस जवळजवळ आंधळाच असतो. म्हणून त्याला दाराच्या आत, भिंतीलगत क्षणभर उभं करायचं. बॅटरीच्या काचेवर बोटं ठेवून प्रकाश बारीक करायचा, तो कायम पायरीच्या कडेवर पाडायचा, आणि स्वतः अर्धं पाऊल पुढे चालायचं. खुर्ची दाखवताना बॅटरी वर उचलली की त्या रांगेतल्या दहा जणांचे डोळे दिपतात आणि रंगमंचावरच्या नटाचंही लक्ष उडतं.

मोबाइलनं दारावरच्यांचं काम सगळ्यांत अवघड करून ठेवलं आहे. अभिनेते सुमीत राघवन आणि सुबोध भावे यांनी २०१९ साली प्रयोगात फोन वाजण्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ध्वनिमुद्रित सूचना सगळेच लावतात आणि फोन तरीही वाजतात. तिकीट फाडताना प्रत्येकाच्या डोळ्यांकडे बघून ‘आजी, फोन बंद केलात का? देऊ का करून?’ असं विचारणारा कार्यकर्ता असला की फरक पडतो. ज्येष्ठांपैकी अनेकांना फोन गप्प कसा करायचा हे ठाऊकच नसतं, आणि ते विचारायचा त्यांना संकोच वाटतो.

मध्यंतराचं गणितही दारावरच्यांनीच करायचं. धरा, दीडशे स्त्रियांना स्वच्छतागृहात जायचं आहे, सहा खोल्या आहेत आणि प्रत्येकीला दीड मिनिट लागतं. अडतीस मिनिटं झाली. मध्यंतर पंधराचं. रांग संपेपर्यंत आत निरोप पाठवून घंटा थोपवणं, कलाकारांच्या बाजूचं स्वच्छतागृह वृद्ध स्त्रियांसाठी उघडून घेणं, हे दारावरच्यांनाच सुचू शकतं, कारण रांग त्यांनाच दिसते. मराठी नाटकाचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात वयस्कर आहे. त्याला पुन्हा यावंसं वाटेल की नाही, हे नाटकाइतकंच या पंधरा मिनिटांवर ठरतं.

ज्या चळवळींचा आपण अभिमान बाळगतो त्या या कामावर उभ्या होत्या. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या संस्थेनं १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं केली, त्यांच्यामागे अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्याबरोबर अरुण काकडे होते. काकडे यांनी संस्थेची व्यवस्था पाहण्यात आयुष्य घातलं. शाळेच्या सभागृहाचं रोजच्या रोज नाट्यगृह करायचं आणि सकाळी पुन्हा शाळेच्या ताब्यात द्यायचं, हे काम नटांच्या प्रतिभेवर होत नाही. पुण्यात १९६३ पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था कार्यकर्त्यांच्या बळावर चालवते. घोषणा देणाऱ्या शेकडो महाविद्यालयीन मुलांना पडदा उघडताच शांत बसवणं हे तिथल्या दारावरचं कसब आहे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर अख्खं गावच दारावर असतं. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात वडसा इथल्या नाट्यसंस्था गावोगाव प्रयोग करतात. मंडई म्हणजे जत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्तानं गावातलं मंडळ कंपनीला ठरावीक रक्कम देऊन नाटक आणतं. कनाती उभारणं, तिकिटं विकणं, बसण्याची सोय, राखण, सगळं गावातले तरुण करतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. कापडी कनातींच्या आत रात्रभर बसलेल्या हजारो माणसांना सांभाळण्याचा तिथल्या मंडळांचा अनुभव शहरातल्या कुठल्याही संस्थेनं शिकून घ्यावा असा आहे.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना या बाबतीत एक गोष्ट आयती मिळते. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलं की किती माणसं आत घेता येतील याचा आकडा भिंतीवरच लावलेला असतो, आणि तो ओलांडला तर कार्यक्रम बंद होऊ शकतो. स्वयंसेवकाला कुणाशी वाद घालावा लागत नाही. बोट दाखवलं की पुरतं.

आणि प्रेक्षागृह रिकामं करायची वेळ आलीच तर? घबराटीत माणूस ज्या दारानं आत आला त्याच दारानं बाहेर पडायला बघतो, जवळ दुसरं उघडं दार असलं तरी. संकटाच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे वारंवार दिसलं आहे. म्हणून प्रेक्षागृह रिकामं करताना दारावरच्यांनी मुख्य दारात गर्दी आवरत बसायचं नसतं. एकेकानं बाजूच्या एकेका दाराशी जाऊन, ते सताड उघडून, हात वर करून ‘इकडून या’ असं मोठ्यानं, पण न घाबरता सांगायचं असतं. प्रेक्षागृहातले दिवे आधी लागले पाहिजेत आणि ते बटण कुठे आहे हे किमान दोघांना माहीत असलं पाहिजे. या गोष्टी प्रयोगाच्या रात्री सुचत नाहीत. त्या आधी पायाखालून जायला लागतात.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा या सगळ्यांना तिथे पारितोषिकं आहेत, आणि ती असायलाच हवीत. या वर्षी स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संस्थेनं रंगीत तालमीच्या दिवशी आणखी अर्धा तास काढावा. दारावर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना सभागृहाची सगळी दारं उघडायला लावावीत, दिवे घालवून त्यांना बॅटरीवर शेवटच्या रांगेपर्यंत चालवावं, आणि त्यांची नावं माहितीपत्रकात कलाकारांच्याच पानावर छापावीत.